मशीनचा बेलभंडार

शेडच्या कोब्यावर ऑइल सांडलं की आधी लाकडाचा भुसा टाकायचा, थोडा वेळ थांबायचं आणि मग झाडायचं. घाईत पाणी ओतलं की ते पसरतं. रक्ताचंही तसंच आहे. हे मला कुणी शिकवलं नाही, हायवेवर धंदा टाकला की आपोआप कळतं.

माझं शेड बीडच्या बाहेर, पालीच्या अंगाला आहे. गाड्यांचं डोकं तपासणं हा माझा धंदा. डोकं म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. स्टेअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनरची वायर खोचायची आणि गाडीला कुठं काय होतंय ते पडद्यावर वाचायचं. प्रत्येक बिघाडाला एक नंबर असतो, त्याला आम्ही कोड म्हणतो. आधी नवऱ्याचं वायरिंगचं दुकान होतं. गाड्या बदलल्या, पडदे आले. त्याला पडद्याचा वैताग यायचा, मला आला नाही. आता तो शेत बघतो आणि मी शेड.

सुरुवातीला लोक गाडी दुरुस्त करायला यायचे. पुढं पुढं निकाल लावून घ्यायला यायला लागले. आमच्याकडं पूर्वी भांडण तुटेना की दोघांना देवळात नेऊन बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावायचे. खोटं बोलणारा हात लावायला कचरायचा. आता बेलभंडाराची भीती गेली, मशीनची आली. 'मशीन लावा' म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो. दोन सख्खे भाऊ सामाईक पिकअप घेऊन आले होते, इंजिन कुणी ताणलं ते मशीननं सांगावं म्हणून. स्कॅनर सुरू होईपर्यंतही त्यांना दम निघाला नाही. धाकट्यानं थोरल्याच्या कानशिलात पाना घातला. थोरला खाली बसला आणि बसल्या बसल्या धाकट्याच्या पिंढरीला कडकडून चावला. मी नळीनं दोघांच्या तोंडावर पाणी मारलं. कुत्री सोडवायचीही हीच रीत आहे.

पण सांगायचंय ते टिप्परचं.

उन्हाळ्यातली दुपार होती. गेवराईकडून एक टिप्पर आला. पुढची काच पूर्ण गेलेली, एक दिवा फुटलेला, दारावर दगडांचे पोचे. मागं जीप. टिप्परमधून मालकाचा पुतण्या उतरला. पंचविशीतला, अंगानं आडवा, हातात दोन मोबाइल. जीपमधून आधी मालक उतरला आणि त्याच्या मागं दोन माणसांनी एकाला खेचून खाली टाकलं. तो टिप्परचा ड्रायव्हर. चौसाळ्याकडचा, चाळिशी उलटलेला, त्याच्या आधीच्या मालकाच्या गाडीबरोबर माझ्याकडं येऊन गेलेला. शर्टाची एक बाही नव्हती. ओठ फाटला होता आणि एक डोळा बंद झाला होता.

"ताई, मशीन लावा," मालक म्हणाला.

"आधी सांगा काय झालं ते."

त्यानं सांगितलं. नदीतून वाळू भरून टिप्पर वर येत होता. चढावर, अर्ध्या वाटेत, गाडी बंद पडली. आणि नेमकी तिथंच दुसऱ्या पार्टीची माणसं आली. त्यांनी काच फोडली, मागचा फाळका उघडून फावड्यांनी वाळू जागेवर ओढून टाकली आणि मालकाच्या नावानं शिव्या देत निघून गेली. ड्रायव्हरचं म्हणणं, गाडी आपोआप बंद पडली. मालकाचं म्हणणं, ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. दुसऱ्या पार्टीला तो फितूर झाला होता, टाइम सांगून त्यानं गाडी तिथं उभी केली.

"मी सेल मारमारून दमलो मालक," ड्रायव्हर जमिनीवरूनच म्हणाला. "माज्यावरच दगडं पडत हुते. मी कावून बंद करीन?"

"गप बे! आम्ही आलो आन् म्या सेल मारला तर एका झटक्यात चालू कशी झाली?" पुतण्यानं त्याच्या बरगडीत लाथ घातली. "तवा तुझ्या बापानं ढकलली का?"

मालक माझ्याकडं वळला. "मशीन काय म्हणतंय तेवढं सांगा. गाडीत बिघाड असंल तर विषय मिटला. नसंल तर हा खबऱ्या हाय. मग याचा हात पुन्हा स्टेरिंगला लागणार न्हाई, एवढं मी बघतो."

तो हे ओरडून म्हणाला नाही. ओरडणाऱ्यांना मी ओळखून आहे, ते दमतात. हा दमणाऱ्यांतला नव्हता.

शेजारी डिझेल पंपाचं काम करणारे चाचा आहेत. आमच्या दोघांच्या शेडमध्ये एकच पत्रा. ते हात पुसत बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "आपा, शटर खींच लो. नक्को पडो इसमें."

शटर ओढून काय झालं असतं? त्या माणसाला त्यांनी शटरबाहेर झोडलं असतं. मी सीटवरच्या काचा झाडल्या, वर चढले, वायर खोचली.

स्कॅनर गाडीशी बोलायला थोडा वेळ घेतो. पुतण्या दारातून माझ्या खांद्यावर वाकला होता. पडदा उघडला. कोडच्या जागी काही नव्हतं. मी अजून पुढं काही बघायच्या आत तो ओरडला, "नो फॉल्ट! काका, नो फॉल्ट म्हणतंय! म्या म्हणलंच हुतं!"

"थांबा," मी म्हणाले, "कोड नाही म्हणजे…"

कुणी थांबलं नाही. त्या दोघांनी ड्रायव्हरला उचलून टिप्परच्या पायरीशी आणलं, त्याचा उजवा हात लोखंडी पायरीवर दाबून धरला, आणि पुतण्यानं टॉमी उचलली. टॉमी म्हणजे चाकाचे नट सोडवायची सळई, मनगटाएवढी. ती माझ्याच शेडच्या भिंतीला टेकवलेली होती. त्यानं ती एकदाच मारली. वाळलेली तुराटी मोडते तसा आवाज आला. ड्रायव्हर ओरडला नाही. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून नुसती हवा आली. मग ओरडला.

पुतण्यानं दुसऱ्यांदा टॉमी उचलली तेव्हा मी खाली होते. हातात मोठी बॅटरी होती, चार सेलची, ती मी त्याच्या कोपरावर घातली. कोपराच्या कडेला जिथं झिणझिण्या येतात तिथंच. टॉमी पडली.

"म्हातारे!" तो म्हणाला आणि माझ्या अंगावर आला.

"ये," मी म्हणाले. "ये ना. पण मग निकाल कुणाकडून लावून घेशील? तुझ्या मोबाइलकडून?"

मालकानं त्याला मागं ओढलं. "ताई, मशीननं निकाल दिलाय."

"मशीननं काही दिलेलं नाही. आत्ता कोड नाही, एवढंच ते म्हणतंय. मघाशी काय झालं ते विचारायला वेळ लागतो. तुम्हाला निकाल पाहिजे की याचा हात पाहिजे? हात पाहिजे असेल तर बाहेर न्या, माझ्या कोब्यावर नको."

मालकानं टॉमी पायानं बाजूला सारली. मग चाचांच्या बाकड्यावर जाऊन बसला. "एक चहा होईस्तवर," म्हणाला.

मी पुन्हा वर चढले. मघाशी मला बघू न दिलेलं आता बघितलं. गाडीचं डोकं एक हिशेब नेहमी ठेवतं, तो म्हणजे कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली. तो आकडा गेवराईपासून माझ्या शेडपर्यंतच्या अंतरापेक्षाही कमी होता. म्हणजे गाडी बंद पडल्यानंतर, इकडं येताना वाटेत, कुणीतरी सगळं पुसलं होतं.

आमच्या भागात ही खोडच आहे. दिवा लागला की आधी पुसायचा. हल्ली काडेपेटीएवढं एक यंत्र मिळतं. सॉकेटला लावलं की मोबाइलवर सगळं दिसतं. त्यात वाचायचं बटण असतं आणि पुसायचंही. वाचणारे थोडे, पुसणारे सगळे. दिवा गेला की गाडी बरी झाली. ताप उतरवायला थर्मामीटर झटकण्यातला प्रकार.

मी खिडकीतून विचारलं, "इकडं येताना कुणी मशीन लावलं होतं का?"

"पोरानं मोबाइलवर बघितलं," मालक बाकड्यावरून म्हणाला. "ओके हाय म्हणला. पर आमाला मोठ्या मशीनची खात्री पाहिजे हुती."

पुतण्या कोपर चोळत होता. त्याला अजूनही काही कळलं नव्हतं. मी तेव्हा बोलले नाही. नुसतं 'पुसलंय' म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. बिघाड त्यांच्या डोळ्यांपुढं परत घडवायला हवा होता.

चढावर, भरलेली गाडी, रखरखतं ऊन, एकदम बंद आणि थोड्या वेळानं एका झटक्यात चालू. या सगळ्याचा मला एकच अर्थ दिसत होता. इंजिन फिरतंय की नाही हे डोक्याला सांगणारा एक छोटा सेन्सर असतो. तो आतून तडकला की गार असताना नीट काम करतो आणि तापला की मुका होतो. तो मुका झाला की डोक्याला वाटतं इंजिन थांबलंच आहे, आणि ते डिझेल तोडतं. रिकामी गाडी हायवेनं वारा खात आली, म्हणून वाटेत बंद पडली नाही. आता तिला तापवायची होती.

"चाचा, बारदानं आहेत का?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं, ड्रायव्हरच्या हाताकडं बघितलं आणि आत जाऊन बारदानांची चवड आणली. ती आम्ही समोरच्या जाळीवर कोंबली, वारा आत जायला जागाच ठेवली नाही. मग मी मालकाला म्हणाले, "तुम्ही स्टेअरिंगवर बसा."

"मी?"

"दुसरा कुणी बसला तर त्यानं किल्ली फिरवली म्हणाल. तुम्ही बसा. रेस दाबून धरा. हात किल्लीपासून लांब, मांडीवर."

तो बसला. मी शेजारी, स्कॅनर मांडीवर. काच नव्हतीच, त्यामुळं समोरचं सगळं दिसत होतं. ड्रायव्हर समोर पडलेल्या एका जुन्या चाकाला टेकून बसला होता. दोन बोटं उलट्या दिशेला वळली होती आणि हात मनगटापर्यंत काळानिळा झाला होता. मी वरूनच चाचांना पुठ्ठा दाखवला. त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी कापून बोटांना लावली आणि वायरिंगची काळी टेप गुंडाळली. टेप ओढताना ड्रायव्हरनं चाचांच्या मांडीत डोकं खुपसलं आणि आईवरून शिवी दिली. चाचा म्हणाले, "दे, और दे. मेरेको आदत है."

इंजिनच्या तापाचा काटा चढत होता. बारदानाला करपल्याचा वास यायला लागला. पुतण्या खाली येरझारा घालत होता. एकदा तो दारातून आत वाकला, "काका, ही बाई येड्यात काढतीय आपल्याला," म्हणाला आणि त्यानं स्कॅनरच्या वायरीला हात घातला. मालकानं रेसवरचा पाय न काढता त्याच्या तोंडावर उलट्या हातानं मारली. नाकातून रक्त आलं. डॅशबोर्डवरही थेंब उडाले. "निकाल हुईपर्यंत वायरीला हात लावायचा न्हाई," मालक म्हणाला. देवळात बेलाला हात लावू नको म्हणावं तसं.

चहा आला, गार झाला. कुणी प्यायलं नाही.

मग इंजिन बंद झालं. ना धक्का, ना खोकला. गुरगुरत होतं ते एकदम थांबलं. माझ्या पडद्यावर फेऱ्यांचा आकडा शून्य झाला. मालकाचे दोन्ही हात मांडीवर होते. तो स्वतःच्या हातांकडं बघत राहिला.

"किल्ली बघा," मी म्हणाले. किल्ली चालूवरच होती. डॅशबोर्डचे सगळे दिवे लागलेले. "किल्लीनं बंद केली असती तर हे दिवे गेले असते, माझं मशीनही आंधळं झालं असतं. आता सेल मारा."

त्यानं मारला. इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही. पुन्हा मारला. चढावर ड्रायव्हरनं जे केलं तेच, फक्त दगड नव्हते. माझ्या पडद्यावर आता कोड आला होता.

"चाचा, पाणी."

चाचा बाटली घेऊन गाडीखाली सरकले आणि त्या सेन्सरवर पाणी सोडत राहिले. चर्र आवाज झाला. "अब मारो," ते खालून ओरडले. मालकानं सेल मारला. एका झटक्यात चालू.

मी सगळं बंद करून खाली उतरले. मालकही उतरला. त्याचा चेहरा घामानं थबथबला होता. "ताई, मग मघाशी ते नो फॉल्ट कसं म्हणलं?"

गाडीखालून बाहेर येणारे चाचा माझ्याकडं बघून मान हलवत होते. नक्को, नक्को. मला त्यांचं कळत होतं. बॅटरीची वायर हलली, मेमरी गेली, असं काहीही म्हणता आलं असतं आणि ते खपलं असतं. पण ज्या कोब्यावर एकाचा हात मशीनच्या नावानं मोडला, तिथं मशीनच्या नावानं थाप मारायची? मग उद्या दुसऱ्या कुणाला असं ओढत आणल्यावर मी थांबा म्हटलेलं कोण ऐकणार? शिवाय मला राग आला होता. तोही होताच.

"वाटेत कुणीतरी कोड पुसले," मी म्हणाले. "तो बिघाड मशीनमध्ये लिहिलेला होता. पुसला म्हणून दिसला नाही."

मालक हळूहळू पुतण्याकडं वळला.

"म्या काय पुसलं?" पुतण्या म्हणाला. "दिवा लागलेला हुता, म्या क्लिअर दाबलं, दिवा गेला. सगळेच दाबत्यात! ओके करायला दाबलं म्या!"

मालक खाली वाकला, टॉमी उचलली आणि ड्रायव्हरपुढं धरली. "घे. फिट्टंफाट कर."

"काका!"

"गप. तुमी दोघं धरा याला."

मघाशी ड्रायव्हरला धरणारे तेच दोघं पुतण्याला धरून पायरीपाशी घेऊन गेले. तीच पायरी, तोच हात. ड्रायव्हर चाकाला धरून उभा राहिला. मला वाटलं, टाकेल टॉमी. अशा वेळी माणसं टाकतात असं आपण ऐकलेलं असतं. मी म्हणाले, "झालं ना सिद्ध, आता पुरे."

"ताई, तुमाला लागलं का?" तो म्हणाला. रागानं नाही, विचारलंच.

त्यानं डाव्या हातानं टॉमी घेतली आणि मारली. डाव्या हाताचा नेम बसला नाही, अर्धी पायरीला लागली, अर्धी बोटांना. तेवढी पुरली. पुतण्या गुरासारखा हंबरला. ड्रायव्हरनं टॉमी खाली टाकली नाही, जिथून घेतली होती तिथं भिंतीला नीट टेकवून ठेवली. मग तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसला.

त्याला मी माझ्या स्कूटीवर मागं बसवून सिव्हिलला नेलं. जीपमध्ये बसायला तो तयार नव्हता. अपघात विभागातल्या डॉक्टरनं विचारलं, "कशानं झालं?"

"जॅक घसरला," ड्रायव्हर म्हणाला.

थोड्या वेळानं पुतण्याला घेऊन मालक आला. "याला काय झालं?"

"जॅक घसरला," मालक म्हणाला.

डॉक्टरनं दोन्ही हात शेजारी शेजारी बघितले. "एकाच जॅकनं दोन माणसं? भारी जॅक आहे," तो म्हणाला आणि दोघांना फोटो काढायला पाठवलं. ड्रायव्हरच्या दोन बोटांत तारा घालाव्या लागणार होत्या. स्टेअरिंग धरता येईल, पण पहिल्यासारखी मूठ वळणार नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं.

दोघांना एकाच बाकावर बसवलं. मी मध्ये बसले, दुसरं कुणी बसेना. मालक पुढं उभा राहून ड्रायव्हरला म्हणाला, "झालं ते झालं. बरा झालास की नवीन टिप्पर तूच घे. हात उचलणार न्हाई कुणी."

"गाडी नको मला," ड्रायव्हर म्हणाला. "फोन लावा."

"कुणाला?"

"नदीवर. मुकादमाला. सकाळपास्नं समद्या ड्रायव्हर लोकांत मी खबऱ्या झालोय. उद्या कोणतीबी पार्टी मला वाटंत गाठंल. लावा फोन, आन् आवाज मोठा करा. मला ऐकू द्या."

मालकाला ते जड गेलं. टॉमी हातात देणं त्याला सोपं गेलं होतं. पण त्यानं फोन लावला, आवाज मोठा केला. अख्ख्या व्हरांड्याला ऐकू येत होतं.

"हां, ऐक बे. आपला ड्रायव्हर फितूर न्हाई. त्याचं काई न्हाई त्यात. समद्यांना सांग."

"मग कुणी केलं?"

"सेन्सरनं."

तिकडं मुकादमानं कुणाला तरी गप बसवलं.

"कोण म्हणलात?"

"सेन्सर, सेन्सर! त्यानं घात केला."

"आसं का," मुकादम म्हणाला. आवाज एकदम कामाचा झाला. "कुठला हाय त्यो? गेवराईचाच का? पोरं हाईत हितं माज्याजवळ. उचलू का त्याला?"

ड्रायव्हर हसला. फाटलेला ओठ पुन्हा उलला आणि हनुवटीवर रक्त आलं, तरी हसत राहिला. माझ्या दुसऱ्या बाजूला पुतण्याही फसकन हसला आणि लगेच हात धरून कण्हला. मालकाचा चेहरा लाल झाला. त्यानं फोन बंद करायला बोट नेलं.

"ठेवू नका," ड्रायव्हर म्हणाला. आता तो हसत नव्हता. "नीट सांगा त्याला. पैल्यापास्नं."

मालकानं घसा साफ केला. "अरे माणूस न्हाई त्यो. गाडीला डोकं असतंय बघ, त्या डोक्याला…"

"डोकं कुणाचं फुटलं?" तिकडून आवाज आला. मालकानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.